गार्डबाबूची बोली

डिसेंबर अर्धा सरला, की आमच्या गुडगावच्या बाल्कनीतून एकेक गोष्ट दिसेनाशी होते. आधी महामार्ग जातो, मग समोरच्या सोसायटीचे वरचे मजले, मग खाली पहारेकऱ्याची पत्र्याची खोली, आणि एखाद्या सकाळी आपल्याच कठड्यावर वाळत टाकलेला टॉवेलसुद्धा. पुण्यात असताना धुकं बघायला आम्ही पहाटे उठून सिंहगडावर जायचो. इथे कुठे जावं लागत नाही. ते आपणहून येतं, खिडकीच्या फटीतून आत शिरतं आणि पडद्यांना जळक्या पालापाचोळ्याचा वास देऊन जातं.

यंदाही आलंय. काल संध्याकाळी शिरीष, माझा नवरा, चहा पिता पिता फोनवर काहीतरी बघत होता. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. लिलावाच्या कुठल्याशा साइटवर खेळण्यातलं एक जुनं रेल्वे इंजिन विकायला होतं. एक चाक गायब, रंग उडालेला, आणि किंमत अशी, की खरी गाडी घेऊन गावभर फिरता येईल. "लोक वेडे आहेत," तो म्हणाला. आम्ही दोघं हसलो, आणि मग हसू जिथल्या तिथे विरलं. बाहेर काही दिसत नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वीचा तो हिवाळा, काही न बोलता, आमच्या दोघांमध्ये येऊन बसला.

तेव्हा आम्ही नुकते इथे आलो होतो. दोघांनाही गुडगावात नोकऱ्या लागल्या होत्या, आणि नव्या टॉवरमधला फ्लॅट आम्ही भाड्यानं घेतला होता. टॉवर उभा होता, पण भरला नव्हता. बाकीचे फ्लॅट लोकांनी पैसे गुंतवायचे म्हणून घेऊन ठेवले होते. संध्याकाळी वर बघितलं, की अख्ख्या इमारतीत मोजक्या खिडक्या पिवळ्या दिसायच्या, बाकी सगळा काळ्या चौकोनांचा डोंगर. लिफ्ट कधी कधी आपणहून एखाद्या रिकाम्या मजल्यावर थांबायची, दार उघडायचं, समोर सिमेंटची पोती आणि अंधार. कोणी आत यायचं नाही. दार बंद व्हायचं. मी ऑफिसात हे सांगितलं तेव्हा माझी मैत्रीण म्हणाली, अरे यार, नई बिल्डिंग है, सेट होने दो. पण त्या बंद होणाऱ्या दाराआधीचा तो एक क्षण मला कधी सवयीचा झाला नाही. मागे अजून शेतं होती. धुक्यातून मोर ओरडायचे, आणि मोर दिसत नसला की ते ओरडणं माणसाचं वाटतं.

त्या वर्षी पावसाळा संपताना शिरीषचे वडील गेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पुण्यातलं सगळं आटपून आम्ही परतलो तेव्हा शिरीषच्या हातात एक लाकडी पेटी होती. तरुणपणी अण्णांना त्यांच्या कंपनीनं जर्मनीला शिकायला पाठवलं होतं, तेव्हा त्यांनी तिथून एक खेळण्यातली रेल्वे आणली होती. खेळण्यातली म्हणायची एवढंच, ती मुलांच्या हाती क्वचितच लागायची. दिवाळीत अण्णा स्वतः रूळ जोडायचे, शिरीष आणि त्याची बहीण पाय दुमडून लांब बसायची, आणि गाडी फिरायची. मग कधीतरी घर बदलताना इंजिन हरवलं. कोणी नेलं, कुठे पडलं, कळलं नाही. डबे राहिले. पेटीत निळ्या मखमलीच्या खाचा केल्या होत्या, एकेका डब्याच्या आकाराच्या. सगळ्यात पुढची खाच रिकामी होती, बरोबर इंजिनाच्या आकाराची, धुराड्यासकट.

शिरीष रडला नाही. तेराव्याला नाही, नंतरही नाही. ऑफिसला जायचा, यायचा, जेवायचा. मी अण्णांचा विषय काढला की तो उठून पाणी प्यायला जायचा. पेटी त्यानं मागच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवली. झाकण मात्र उघडंच ठेवायचा. मी एकदा ते लावलं, तर संध्याकाळी परत उघडलेलं होतं.

मग तो लिलावाच्या साइटवर जाऊ लागला. घरबसल्या जगातली कुठलीही वस्तू घेता येते, याचंच तेव्हा आम्हाला अप्रूप होतं. तिथे जुन्या रेल्वेगाड्यांचा एक वेगळाच बाजार होता. गंजलेले रूळ, चाकं नसलेले डबे, कोपरे फाटलेली रिकामी खोकी. प्रत्येकाखाली लिहिलेलं, दुर्मीळ, आजोबांच्या संग्रहातलं. आधी शिरीष मला बोलावून बोलावून त्या किमती दाखवायचा आणि आम्ही हसायचो. एका फलाटावरच्या बोटभर हमालाची किंमत खऱ्या हमालाला महिनाभर पुरली असती. पण हळूहळू तो मला बोलवेनासा झाला. आणि एका संध्याकाळी त्यानं हाक मारली ती वेगळ्या आवाजात.

पडद्यावर एक काळं इंजिन होतं. वाफेचं, लाल चाकांचं. अण्णांच्या सेटमधलं हेच, तो म्हणाला, अगदी हेच. विकणारा फरीदाबादचा होता. म्हणजे जर्मनी सोडा, आमच्यापासून डोंगरापलीकडे.

शिरीषनं बोली लावली. लिलाव संध्याकाळी संपायचा होता. अगदी शेवटी, तो जिंकलाच असं वाटत असताना, दुसरं नाव वर आलं. गार्डबाबू. शिरीषनं आकडा वाढवला. गार्डबाबूनं वाढवला. होता होता आमच्या फ्लॅटच्या भाड्याच्या पुढे किंमत गेली, आणि मी खोलीत आले नसते तर तो थांबला नसता. गार्डबाबू जिंकला.

पुढच्याच आठवड्यात तेच इंजिन परत विक्रीला आलं. घेणाऱ्यानं पुढे काही केलं नाही, असं विकणाऱ्यानं लिहिलं होतं. शिरीषनं परत बोली लावली. परत शेवटी गार्डबाबू आला, परत जिंकला, आणि इंजिन परत विक्रीला आलं. शिरीषनं मग त्या नावाच्या मागे जाऊन पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर आता गार्डबाबू बोली लावत नव्हता. पूर्वी लावायचा, खूप लावायचा, आणि हे इंजिन त्यानंच या साइटवरून, अशाच भरमसाट किमतीला, कधीतरी घेतलं होतं. मग मध्ये बरेच महिने काहीच नाही. आणि एक गोष्ट शिरीषला कळेना. काही वेळा गार्डबाबूची बोली सगळ्यात वर असतानाच, मध्ये दुसरं कोणी नसताना, गार्डबाबूचीच आणखी एक बोली पडली होती. स्वतःच्याच वर. "जिंकत असताना कोण स्वतःशी भांडेल?" तो म्हणाला.

मी म्हटलं, सरळ आहे, विकणाराच खोट्या नावानं किंमत चढवतोय. ते त्याला पटलं. विकणाऱ्याचा नंबर साइटवर होता. शिरीष रागातच फोन घेऊन बाल्कनीत गेला. मला काचेतून त्याची पाठ दिसत होती, आणि त्याच्या पुढे पांढरं, नुसतं पांढरं. आधी त्याचा हात जोरजोरात हलत होता. मग तो हलायचा थांबला.

आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. विकणारे खन्ना म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. ते म्हणाले होते, गार्डबाबू माझ्या मुलाचं नाव आहे साइटवरचं. माझा मुलगा गेल्या जानेवारीत वारला.

"मग बोली कोण लावतंय, असं विचारलंस?"

"विचारलं," शिरीष म्हणाला. "ते म्हणाले, आप आके इंजन देख लीजिए."

त्या खोलीत मी नंतर काही दिवस एकटी गेले नाही. कॉम्प्युटर बंद असायचा, तरी त्याच्या काचेत मागचं दार दिसायचं आणि मला वळून बघावंसं वाटायचं.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. गुडगाव-फरीदाबाद रस्ता तेव्हा सुना होता, दोन्हीकडे बंद पडलेल्या खाणी आणि काटेरी झुडपं. भर दुपारी दिवे लावून गाडी चालवत होतो. कठड्यावर माकडं ओळीनं बसलेली, धुक्याकडे तोंड करून, एकही हलत नव्हतं. कुठल्याशा कारखान्याचा भोंगा वाजला आणि तो नेमका कुठून आला ते कळलं नाही. शिरीष मध्येच म्हणाला, परत जायचं का. मी म्हटलं, आता जाऊन येऊ.

खन्नांचं घर जुन्या सेक्टरमधलं, पुढे पेरूचं झाड असलेलं. ते उंच, किंचित वाकलेले, पंजाबी गृहस्थ. आम्हाला चहा दिला, आणि मुलाबद्दल त्यांनी सांगितलं ते अगदी थोडक्यात, पाठ केल्यासारखं. निशांत नाव. कॉलेजात असताना दिल्लीच्या मुनिरकात खोली घेऊन राहायचा, मग गुडगावात नोकरी लागली. पहाटे कंपनीच्या गाडीतून घरी येत असताना धुक्यात पुढचा ट्रक दिसला नाही. लहानपणापासून गाड्यांचं वेड, पण ड्रायव्हर नव्हतं व्हायचं त्याला, गार्ड व्हायचं होतं. शेवटच्या डब्यात उभं राहून हिरवी झेंडी दाखवणारा. म्हणून ते नाव. मग ते शिरीषला म्हणाले, चला, वर दाखवतो, आणि दोघं जिना चढून गेले.

मी त्यांच्या पत्नीबरोबर खाली राहिले. त्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. वरचं दार लागल्याचा आवाज आला आणि त्यांनी माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "तुम्ही पुण्याच्या का?"

मी दचकलेच. त्यांचं माहेर मराठी होतं, दिल्लीतलं. वडील सरकारी नोकरीत, आणि त्या स्वतः पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या. आई गेल्यापासून मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. शब्द हुडकत, मध्ये मध्ये हिंदीचा आधार घेत बोलत होत्या, बंद घराच्या खोल्या एकेक करून उघडाव्यात तशा. तोपर्यंत मी त्यांना आंटी म्हणत होते. नकळत काकू म्हणायला लागले.

"ती बोली मीच लावते," त्या एकदम म्हणाल्या. "ह्यांना नाही माहीत. हे त्याची चीज विकायला काढतात. मी परत घेते."

निशांतनंच त्यांना कॉम्प्युटर शिकवला होता. पासवर्ड त्यांना ठाऊक होता. नवरा फिरायला बाहेर पडला की त्या वर जायच्या, त्याच्या खुर्चीत बसायच्या आणि त्याच्या नावानं आकडा टाकायच्या. विकू नका असं तोंडानं का नाही सांगत, असं मी विचारलं. त्यांनी रिकामा कप बशीत सरळ करून ठेवला. मग म्हणाल्या, त्याच्याबद्दल आम्ही बोलतच नाही. बोललं तर दोघंही टिकणार नाही.

परतताना गाडीत मी शिरीषला हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, खन्नासाहेबच बोली लावतात. वर त्यांनी कबूल केलं. बाजारातल्या एका सायबर कॅफेत जाऊन, मुलाच्या नावानं. निशांतचं नाव बँकेतून कटलं, रेशनकार्डावरून कटलं, फोनही बंद झाला. "बस यहीं पर उसका नाम अब भी आता है," असं ते म्हणाले होते. म्हणून ते इंजिन विकायला काढायचे. विकायचं नव्हतंच. ते नाव पडद्यावर वर आलेलं बघायचं होतं. आणि बायकोला यातलं काही कळू नये, एवढीच त्यांची विनंती होती.

मी माझं सांगितलं. शिरीषनं गाडी रस्त्याकडेला घेतली. काचा आतून धुरकट झाल्या. स्वतःवरच पडलेल्या त्या बोल्या आम्हाला आता कळल्या होत्या. बाजारात बाप बसलेला आणि घरी आई, एकाच मुलाच्या नावानं, एकमेकांच्या वर. आणि प्रत्येकाला पडद्यावर दिसत असणार, की मी न लावलेली बोली गार्डबाबूच्या नावावर पडली. त्यांनी काय समजूत करून घेतली असेल?

"मी आता बोली लावत नाही," शिरीष म्हणाला. "त्यांचं त्यांना असू दे."

पुढचा लिलाव आला आणि गेला. आम्ही बघत होतो. कोणाचीच बोली पडली नाही. गार्डबाबूचीसुद्धा नाही. समोर कोणी घ्यायलाच नाही म्हटल्यावर त्यानं तरी कशाला यावं. दुसऱ्या दिवशी खन्नासाहेबांचा फोन आला. त्यांनी आधी हवापाण्याचं विचारलं, धुक्याचं विचारलं. मग अडखळत म्हणाले, "इस बार आपने बोली नहीं लगाई. तबीयत तो ठीक है न?"

शिरीष परत बोली लावायला बसू लागला.

असा तो जानेवारी गेला. बाहेर टॉवर नाहीसा झालेला, आम्ही दोघं हवेत तरंगत असल्यासारखे, आणि पडद्यावर मेलेल्या मुलाचं नाव. शिरीष आकडा टाकायचा आणि आम्ही वाट बघायचो. नाव वर यायचं. आधी ते यायच्या वेळी मी पडद्यावरून नजर काढायचे. मग सवय झाली, मग आलं नाही तर काय, अशी धास्ती वाटू लागली. त्या वाट बघण्याच्या वेळात शिरीष हळूहळू अण्णांबद्दल बोलायला लागला. अण्णा रूळ पुसायला जुनं धोतर फाडायचे. जर्मन शब्द कोकणी हेल काढून म्हणायचे. इंजिन हरवल्यावर ते कोणाला ओरडले नाहीत, पण त्या दिवाळीत त्यांनी डबे हातानं ढकलून दाखवले आणि तोंडानं शिट्टी वाजवली. हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं कधी सांगितलं नव्हतं. बोलताना तो पडद्याकडेच बघायचा, जणू पलीकडे जो कोणी होता त्यालाच सांगतोय.

आताही काकूंचा संक्रांतीला फोन येतो. तिळगूळ घ्या म्हणतात आणि मग नुसतं मराठी ऐकायचं म्हणून मला काहीबाही बोलायला लावतात. मधले विसरलेले शब्द विचारून घेतात. मागच्या वर्षी त्यांना 'हुरहूर' हा शब्द आठवत नव्हता. आमच्या मुलीलाही तो येत नाही, इथेच वाढलेली. मी तिला अर्थ सांगायला गेले आणि मलाच सांगता येईना.

त्याच जानेवारीत, निशांतला जाऊन वर्ष झालं त्या संध्याकाळीही लिलाव संपत होता. आज बोली लावावी का, हे शिरीषला कळत नव्हतं. शेवटी लावली. न लावणं जास्त वाईट ठरेल, असं दोघांनाही वाटलं. धुकं इतकं, की बाल्कनीचा दिवासुद्धा नुसता पिवळा डाग. आम्ही वाट बघितली. नाव आलं नाही. वेळ सरत गेला. शिरीष पडद्याशी वाकून म्हणाला, "ये ना." अगदी हळू, लहान मुलाला म्हणावं तसं. नाव आलं नाही. लिलाव संपला. तुम्ही जिंकलात, असं पडद्यावर आलं.

त्यानं की-बोर्डवरून हात काढला. मग त्याचे खांदे हलायला लागले. अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्याला रडताना पाहिलं, आणि तो थांबला नाही, मी थांबवलंही नाही.

पैसे घेऊन आम्ही फरीदाबादला गेलो तेव्हा खन्नासाहेब दारातच उभे होते. पैशाकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि आम्ही कितीही आग्रह केला तरी हात लावला नाही. दोघं नवरा-बायको त्या दिवशी एका सोफ्यावर बसली होती, पहिल्या भेटीत बसली नव्हती तशी. त्यांनी सांगितलं ते असं. वर्षश्राद्धाचे लोक गेले आणि काकू वर निशांतच्या खोलीत गेल्या, तर खन्नासाहेब आधीच खुर्चीत होते. पडद्यावर तेच नाव उघडं. काही लपवायला उरलंच नाही. मग दोघं तिथे बसून बोलली, वर्षभराचं सगळं बोलली, रडलीही. आणि घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा शिरीषची बोली पडलेली होती. इंजिन जाऊ द्यायचं नाही, हे दोघांचंही ठरलं. दोघांनी मिळून आकडा टाकला.

खन्नासाहेब म्हणाले, इंटरनेटची लाइन गेली असणार, धुक्यात जाते कधी कधी. बटण दाबत राहिलो, बोली लागलीच नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं ठीक होतं.

हे सांगून झाल्यावर ते वर जाऊन इंजिन घेऊन आले. हातात घेतलं तेव्हा ते मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं, आणि कोमट, बराच वेळ कोणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखं. मी म्हटलं, काकू, अजूनही विचार करा, आम्ही ठेवून जातो. त्यांनी माझी बोटं इंजिनावर मिटवली.

"हे म्हणतात लाइन गेली होती," त्या मराठीत म्हणाल्या. "मी नाही सोडलं. ह्यांनीही नाही सोडलं. त्यानं सोडलं."

खन्नासाहेबांना मराठी येत नव्हतं. तरी त्यांनी मान डोलावली.